टेबलाची पलीकडची बाजू

माझं काम चांगलं उतरलं की नाही हे ओळखायची एक सोपी खूण आहे. गिऱ्हाईक टेबलाकडे बघतं, पुढे येतं, वर तळहात ठेवतं आणि किंचित दचकतं. संगमरवर गार असतो. माझा गार नसतो, कारण तो लाकूड असतो. डोळा फसतो, तळहात फसत नाही. त्या दोघांचं एकमत व्हायला जो क्षणभर उशीर लागतो, त्या उशिरावर मी तीसेक वर्षं पोट भरलं.

कर्जतहून कडावला जाणाऱ्या रस्त्यावर माझी पत्र्याची शेड आहे. बाहेर पाटी आहे: ‘मधुकर आर्टिस्ट. फर्निचरवर संगमरवरी काम करून मिळेल.’ ‘आर्टिस्ट’ हा शब्द जागा उरली म्हणून घातला. लोकांनी तो खरा मानला. पाटीवर लिहिलेलं लोक खरं मानतात, हेही या धंद्यानेच मला शिकवलं.

बाहेरच्या माणसाला काम सांगायचं तर असं. आधी लाकडाच्या भेगा लांबी भरून बुजवायच्या, पॉलिश पेपरने घासायचं, अस्तराचा हात द्यायचा, पुन्हा घासायचं. मग पांढऱ्या ऑइल पेंटचे दोन-तीन हात, प्रत्येकानंतर पाणी लावून घासणं. इथवर कुणीही करेल, आणि कंटाळा येईपर्यंत करेल. त्यानंतर अळशीचं तेल आणि टर्पेंटाइन घालून पातळ केलेला राखाडी रंग वरून पसरायचा. हा थर ओला असतानाच चुरगाळलेल्या कागदाने टिपायचा, म्हणजे ढगाळ दिसतो. आणि तो ओला आहे तोवर, अर्ध्या-पाऊण तासात, त्यात शिरा ओढायच्या. शिरा ओढायला ब्रश चालत नाही, ब्रश फार आज्ञाधारक असतो. गावठी कोंबड्याच्या पंखातलं लांब पीस घ्यायचं, टोक रंगात बुडवायचं आणि फिरवत, थांबत, दाब कमी-जास्त करत ओढायचं. मग कोरड्या मऊ ब्रशने वरून हलकेच फुंकर घातल्यासारखं फिरवायचं, म्हणजे शीर दगडाच्या आत गेल्यासारखी दिसते. आठवड्याभराने वॉर्निश.

या कामाला दोन माणसं लागतात. एकाने रंग पसरत आणि टिपत पुढे जायचं, दुसऱ्याने समोरून शिरा ओढत यायचं. एकट्याने करायला गेलं की एक टोक वाळतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

खालापूरच्या बाजूला डोंगर उतारावर फार्महाऊसं झाली तेव्हा आमची चलती होती. एक निवृत्त साहेब होते. त्यांना सगळ्यावर संगमरवर हवा होता: बारचं कपाट, पुस्तकांचं कपाट, फ्रिजचं दार. शिवाय शिरांमध्ये सोनेरी रंग. मी म्हटलं, “साहेब, इतकं सोनं असतं तर लोकांनी दगड फोडून नेला असता.” ते हसले नाहीत. मी सोनेरी शिरा ओढून दिल्या. त्यांचं मोठं टेबल आमच्या शेडमधून गेलं तेव्हा त्यांनी टेंपोबरोबर चार हमाल पाठवले. चौघांनी दगड समजून पाय रोवले, दम धरला आणि एकदम जोर लावला. टेबल छातीपर्यंत वर आलं आणि दोघे मागे बसले. त्यातला एक बसल्या बसल्या म्हणाला, “आयला, पेंटर, आदी सांगायचं ना रं!” इतकी स्पष्ट दाद मला पुन्हा कधी मिळाली नाही.

पुस्तकांचं कपाट रंगवताना मला पुस्तकांचं कुतूहल होतं. मला वाचायची सवय आहे, तालुक्याच्या वाचनालयातली बरीच पुस्तकं माझ्या रंगाच्या बोटांनी डागाळली आहेत. साहेब नाहीत असं बघून मी एक जाडजूड, चामड्याच्या पाठीचं पुस्तक ओढलं. ते खोकं निघालं. शेजारचंही. मी लाकडाचा दगड करत होतो, त्यांनी पुठ्ठ्याचं ज्ञान केलं होतं. एकाच धंद्यातले निघालो. काम संपल्यावर त्यांनी तळहात ठेवला, दचकले, आणि म्हणाले, “पेंटर, काय हात आहे तुमचा!” माझ्या मागे कमल, माझी बायको, रंगाचा फडका घेऊन उभी होती. मी म्हटलं, “धन्यवाद साहेब.”

तो हात माझा नव्हता. शिरा कमल ओढायची.

मी तिला शिकवलं हेही पूर्ण खरं नाही. मी मुंबईत सिनेमाच्या सेटवर खांब रंगवायला होतो, तिथे हे काम बघून आलो. घरी एका पाटावर तिला दाखवलं. माझ्या शिरा बघून ती म्हणाली, “ह्ये काय रस्ते काढले व्हय?” आणि माझ्या हातातलं पीस घेतलं. तिने तोवर संगमरवर पाहिलाही नव्हता. नदीवर धुणं धुताना कातळावरून पाणी ओघळतं ते मात्र तिने आयुष्यभर पाहिलं होतं. तिची शीर कुठूनतरी यायची, वाटेत विचार बदलायची, एखादी फुटायची, आणि कुठेतरी विरून जायची. पुढे कितीतरी वर्षांनी एका हॉस्पिटलात तिला खरा संगमरवर दिसला. जिन्यापाशी उभी राहून तिने तो नीट बघितला आणि मला म्हणाली, “आपला बरा हाय.”

शेडमध्ये आमच्या जागा ठरलेल्या होत्या. टेबल मध्ये. मी दाराच्या बाजूला, कारण रंगाचे डबे तिथे आणि कुणी आलं तर बोलायला मीच. ती पलीकडे, मागच्या भिंतीला पाठ लावून. काम चालू असताना ती फारसं बोलायची नाही. एकच वाक्य दिवसातून दहादा: “आवो, जरा उजेड सोडा.” मी दोन बोटं सरकायचो. थोड्या वेळाने पुन्हा जागेवर. बायका काही वाक्यं सवयीने म्हणतात तसलं ते एक, असं मी धरून चाललो होतो.

ती डाव्या हाताने ओढायची. जेवायला, लिहायला उजवा हात तिला लहानपणी मारून-मुटकून लावला होता. पण पीस तिने घेतलं तेव्हा मारणारं कुणी नव्हतं, म्हणून ते डाव्यात गेलं आणि तिथेच राहिलं.

एकदा कडावचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी ड्रेसिंग टेबल आणि दोन कपाटं द्यायची म्हणून ऑर्डर देऊन गेले होते. काम कुठवर आलंय ते बघायला अचानक आले. कमल कपाटाच्या दारावर शिरा ओढत होती. गृहस्थ दारातच थांबले.

“ह्ये काय पेंटर? शुभकार्याचं सामान, नि डाव्या हातानं?”

कमलचा हात थांबला. मी काय करायला हवं होतं ते मला आज नीट माहीत आहे. त्या वेळी मी हसलो आणि म्हणालो, “नाही हो, ती नुसती पुसून घेत होती. काम माझं.” कमलने पीस खाली ठेवलं, फडका उचलला आणि ओढलेली शीर पुसून टाकली. माझं म्हणणं खरं करायला. गृहस्थ गेल्यावर मी तिला म्हटलं, “कुणी आलं की तू आत जात जा. उगाच कशाला बोलणी.”

“बरं,” ती म्हणाली.

त्यानंतर बाहेर चपला वाजल्या की ती पीस ठेवायची आणि चहा टाकायला आत जायची. दर्जेदार चहा मिळणारं दुकान म्हणूनही आमचं नाव झालं. एकदा पाटी नव्याने रंगवत होतो तर शेजारी उभी राहून म्हणाली, “माजं नाव कुटं हाय?” चेष्टेतच म्हणाली. मी म्हटलं, “जागा नाही.” ‘आर्टिस्ट’ तेवढा मावला होता.

कमल जाऊन तीन वर्षं झाली. आम्हाला मूल नाही. दुपारी जेवताना मी वाचायचो आणि ती विचारायची, “काय लिवलंय?” मी सांगायचो, ती कधी कधी म्हणायची, “कायपण लिवतात.” आता पुस्तकं पूर्ण होतात आणि मिटतात. एखाद्या दिवशी संध्याकाळी कुणी रस्ता विचारायला येतं तेव्हा कळतं, सकाळपासून हे पहिलंच बोलणं.

धंदाही तसा संपलाच आहे. संगमरवराचं चित्र छापलेलं स्टिकर गुंडाळीने मिळतं, टेबलाला चिकटवलं की झालं. त्यात तीच शीर दर दोन फुटांनी परत येते. लोकांना चालतं. मी त्यांना नावं ठेवत नाही, कारण गेली तीन वर्षं माझ्या शिरा स्टिकरपेक्षा वाईट येत होत्या. मी आधी पिसांना दोष दिला. कमलचा बिस्किटांचा डबा होता, तिने निवडून ठेवलेली पिसं त्यात. ती माझ्या हातात वळायची, टोक भलतीकडे जायचं. जुनी झाली असतील म्हणून मी डबा माळ्यावर टाकला आणि नवी पिसं आणली. त्यांनीही रस्तेच काढले.

अशात गेल्या हिवाळ्यात हाजराखालांचा फोन आला. खालापूर तालुक्यातल्या एका गावात त्यांचं घर आहे. नवऱ्याचं, म्हणजे खालूंचं, किराणा दुकान होतं, ते गेले. मुलगा दुबईला. चौदा वर्षांपूर्वी आम्ही त्यांचं आठ माणसांचं जेवणाचं टेबल रंगवलं होतं. ते दारातून निघत नव्हतं, म्हणून त्यांच्या घरी जाऊन केलं होतं.

“मधुकर, टेबल भाजलं रं.”

“म्हणजे?”

“पातेलं उतरवलं नि ठेवलं तसंच वर. दगड हाय म्हणून. इतकी वर्षं झाली, मी इसरूनच गेले त्ये लाकूड हाय. हसू नको.”

“हसत नाही, खाला.”

हसत होतो. लाकूड आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली बाई चौदा वर्षांनी ते विसरते, याहून मोठं बक्षीस आमच्या धंद्यात नाही. पण पुढचं ऐकून हसू गेलं.

“पुढच्या महिन्यात पोरगा येतोय. त्याला ह्ये टेबल काढायचंच हाय. खरं ग्रॅनाइट बसवतो म्हणतो. डाग बघितला की त्याला निमित्त मिळालं.”

“मग बसवू दे की ग्रॅनाइट.”

“त्याच्यावर तुझे खालू जेवले नायत.” मग म्हणाल्या, “नि बाईला घेऊन ये. तुला एकट्याला जमायचं नाय.”

मी नुसतं “येतो” म्हटलं.

रिक्षातून उतरलो तेव्हा त्या ओट्यावर उभ्या होत्या. माझ्या मागे रिक्षात बघत राहिल्या. रिक्षा वळून गेली.

“बाई कुठाय?”

“गेली, खाला. तीन वर्षं झाली.”

“फोनवर का नाय बोललास?”

“असं कुणी विचारत नाही. सवय नव्हती.”

खरंच होतं ते. तीन वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नव्हतं, कारण विचारावं असं कुणी आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. हाजराखालांच्या घरी मात्र चहा खाला करायच्या. कमलला आत जायला जागा नव्हती, आणि डाव्या हाताबद्दल त्या घरात कुणी काही बोललं नव्हतं. खाला तेव्हा खुर्ची घेऊन दोन दिवस बघत बसल्या होत्या.

टेबलावर ताटाएवढी जागा फुगून, तपकिरी होऊन सोललेली होती. बाकीचं जसंच्या तसं. मी तळहात ठेवला. मला दचकायचं काही कारण नव्हतं, तरी हात तसाच ठेवून उभा राहिलो.

अशा वेळी सरळ उपाय एकच असतो. सगळं वरचं काम घासून काढायचं आणि नव्याने रंगवायचं. तुकडा जुळवायला कुणीही शहाणा पेंटर जात नाही, तो दिसतोच. मीही पॉलिश पेपर काढला, ठोकळ्याला गुंडाळला आणि टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. आम्ही केलेली टेबलं-कपाटं कुठे कुठे गेली. फार्महाऊसं विकली गेली, लग्नांची बिऱ्हाडं हलली. कमलच्या हाताचं इतकं मोठं काम, जिथे मी जाऊन उभा राहू शकतो, असं हे एकच उरलं होतं. दोन तास घासलं असतं की पांढरी भुकटी झाली असती. आणि वर मी माझे रस्ते काढले असते.

“घासतोस काय सगळं?” खालांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “बघू.”

फुगलेला रंग खरवडला, कडा पाणी लावून घासल्या, लांबी, अस्तर, पांढरा. तीन खेपा त्यात गेल्या. चौथ्या दिवशी राखाडी रंग पसरला, कागदाने टिपला आणि पीस घेऊन उभा राहिलो. एका अंगाने तीन शिरा त्या जागेपर्यंत येत होत्या आणि दुसऱ्या अंगाने दोनच बाहेर पडत होत्या. मधे काय झालं ते कमलला माहीत. मी तीनपैकी दोन एकत्र जोडल्या. टेबलाच्या मधोमध तालुक्याचा फाटा तयार झाला. टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसला. पुन्हा पसरला, पुन्हा ओढली, पुन्हा पुसली. चारदा.

खाला खुर्चीवर लसूण सोलत बसल्या होत्या. पाचव्यांदा मी पीस उचललं तेव्हा म्हणाल्या, “तू चुकीच्या बाजूला उभा हायस.”

“टेबलाला बाजू कसली, खाला?”

“तिला हुती. ती पलीकडं, भिंतीकडं. तू हिथंच, खिडकीत. तवापण हिथंच उभा हुतास खांबासारखा.”

मी वळसा घालून पलीकडे गेलो. इतक्या वर्षांत कुठल्याही टेबलाच्या त्या बाजूला, काम ओलं असताना, मी उभा राहिलो नव्हतो. तिथून टेबल वेगळं होतं. समोरच्या खिडकीतला उजेड ओल्या रंगावर तिरपा येत होता आणि थराचं जाडपातळ, ओलं-सुकं सगळं लखलखीत दिसत होतं. माझ्या बाजूने तो नुसता राखाडी रंग होता. शिराही तिथून सुलट वाटल्या. सगळ्या उजवीकडून माझ्याकडे उतरत येत होत्या, पाणी उतरावं तशा. मी इतका वेळ त्यांना उताराविरुद्ध ओढत होतो.

बरोबर कमलचा डबा आणला होता. का आणला ते सांगता येणार नाही, माळ्यावरून काढला आणि पिशवीत टाकला. त्यातलं एक पीस उजव्या हातात धरलं तर ते नेहमीसारखं वळलं. डाव्या हातात धरलं. ते बोटांवर नीट बसलं. कोंबड्याच्या दोन पंखांची पिसं दोन दिशांना बाक घेतात. तिने डाव्या हाताला बसतील तेवढीच निवडून ठेवली होती. तीन वर्षं मी त्या पिसांना वाकडी म्हणत होतो.

माझ्या डाव्या हाताला काही येत नाही. म्हणून तो काही ठरवूनही ठेवत नाही. पहिली शीर त्याने अडखळत नेली आणि पलीकडच्या शिरेला मिळवली. दुसरीही. तिसरी ओढताना पीस मधेच हलकं झालं, शीर बारीक होत गेली आणि कुठेच न मिळता विरली. दोनच का बाहेर पडत होत्या ते मला तेव्हा कळलं. तिसरी कुठे जाणारच नव्हती.

खाला लसूण ठेवून उठल्या आणि वाकून बघू लागल्या. वाकल्या तशा खिडकीच्या आड आल्या. ओला रंग एकदम विझला, शिरा दिसेनात. माझ्या तोंडून निघालं, “खाला, जरा उजेड सोडा.”

त्या बाजूला झाल्या. मी पीस हातात धरून तसाच उभा राहिलो. मऊ ब्रश फिरवायचा राहिला होता, खालांनीच आठवण केली, “वाळंल ना रं त्ये.”

मुलगा येऊन गेला. खालांनी फोन करून सांगितलं की त्याला काही दिसलं नाही, ग्रॅनाइटचं पुढच्या खेपेला बघू म्हणाला. “नि आता पातेल्याखाली पाट ठेवते,” म्हणाल्या. मग, “जेवलास काय?” मी हो म्हटलं.

त्यानंतर शेडमध्येही मी बाजू बदलली आहे. काम थोडंच येतं, पण ते मागच्या भिंतीला पाठ लावून करतो. पीस डाव्या हातात. एक टोक अजून वाळतंच, म्हणून लहान वस्तू घेतो: पाट, तिपाई, एखादी पेटी. समोर दार आहे आणि दारापलीकडे कडावचा रस्ता. तिला सव्वीस वर्षं तो रस्ता नीट दिसला नसणार, दारात माझी काळी आकृती दिसली असणार. आता तिथून उजेड थेट टेबलावर येतो, दिवसभर, सगळाच्या सगळा. मधे कुणी उभं नसतं.